एका लढाईने युद्धाचा निकाल लागतो का? दीव, जुवें आणि गोव्याची साडेचारशे वर्षं

कुंभारजुवेंकर

मुक्तिदिनाच्या आदल्या संध्याकाळी आमच्या वाचनालयात भाषण होतं. वक्ते म्हणाले, लढाया निकाल लावत नाहीत, निकाल तिजोरी लावते; लढाई ही नुसती पावती. टाळ्या पडल्या. मला ते तेव्हाही पटलं नाही आणि घरी येऊन विचार केल्यावरही पटेना, म्हणून इथे मांडतो.

३ फेब्रुवारी १५०९. दीवच्या बंदरासमोर एकीकडे पोर्तुगिजांचा इथला विजरई, म्हणजे व्हाइसरॉय, फ्रांसिश्कु द आल्मैदा याचं आरमार. दुसरीकडे इजिप्तच्या मामलुक सुलतानाने पाठवलेला अमीर हुसेन, गुजरातच्या सुलतानाचा दीवचा अंमलदार मलिक अयाझ आणि कालिकतच्या सामुद्रीची, म्हणजे तिथल्या राजाची, गलबतं. आदल्याच वर्षी चौलच्या खाडीत आल्मैदाचा मुलगा लोरेन्सु मारला गेला होता. आल्मैदाच्या जागी आल्बुकेर्कची नेमणूक झाली होती, तरी मुलाचा सूड घेतल्याशिवाय त्याने कारभार सोडला नाही. एका दिवसात मामलुकांचं आरमार संपलं.

आता ते आरमार उभं कसं राहिलं होतं ते बघा. इजिप्तात जहाजाजोगं लाकूड नाही. ते अनातोलियाकडून समुद्रमार्गे आणायचं, मग उंटांच्या पाठीवरून सुएझला न्यायचं आणि तिथे जहाजं बांधायची. वर्षानुवर्षांची मेहनत एका दिवसात बुडाली. १५१७ मध्ये मामलुकांचं राज्यच उस्मानी तुर्कांनी घेतलं. इकडे फिरंग्यांनी, म्हणजे पोर्तुगिजांनी, १५१० मध्ये गोवा, १५११ मध्ये मलाक्का आणि १५१५ मध्ये होर्मुझ घेतलं. त्यानंतर आपल्याच दर्यात आपल्या व्यापाऱ्याला त्यांचं कार्ताज, म्हणजे परवाना, खिशात ठेवून फिरायची पाळी आली. तो नसला तर गलबत जप्त.

माझं म्हणणं एवढंच, की दीवला निकाल उलटा लागला असता तर गोव्याचा इतिहास वेगळा झाला असता. एक लढाई पुरते.

अंत्रुजकर

कुंभारजुवेंकर बाब, तुमच्याबद्दल आदर आहे, पण दीवपासून गोव्यापर्यंत तुम्ही जी सरळ रेघ ओढलीत ती मला मान्य नाही.

पहिली गोष्ट. दीवला १५०९ मध्ये जिंकलेल्या फिरंग्यांना खुद्द दीवचा किल्ला मिळाला कधी? १५३५ मध्ये. तोही लढून नव्हे. हुमायून गुजरातवर चालून आला आणि अडचणीत सापडलेल्या बहादूरशहाला फिरंग्यांची मदत हवी होती, म्हणून. ज्या बंदरासमोर युद्धाचा निकाल लागला म्हणता, तिथे पाय ठेवायला जेत्याला सव्वीस वर्षं लागली.

दुसरी गोष्ट गोव्याची. १५१० च्या सुरुवातीला आल्बुकेर्क इथे शिरला तो तिमय्या या किनाऱ्यावरच्या नाविक सरदाराच्या सल्ल्याने. मे महिन्यात आदिलशाही फौजेने त्याला हाकलला. तोंडावर पाऊस, समुद्रात जाता येईना, म्हणून ऑगस्टपर्यंत तो मांडवीच्या मुखाशी जहाजांतच अडकून पडला. खायला उंदीरसुद्धा मिळेनात अशी गत होती. विजापूरच्या लोकांनी तेव्हा जोर केला असता तर आल्बुकेर्कचं नाव आज कुणाला ठाऊक नसतं. त्याच वर्षी युसूफ आदिलशहा वारला आणि गादीवर इस्माईल हा पोर आला. २५ नोव्हेंबरला आल्बुकेर्क परत आला आणि त्याला शहर मिळालं. यात दीवचा वाटा किती, आणि तिमय्याचा, पावसाचा, विजापूरच्या घरच्या गोंधळाचा किती? तुम्हीच हिशेब करा.

शुभदा_डिचोली

दोघेही पोर्तुगिजांच्या विजयांवर बोलताय. मी इतिहास शिकवते आणि माझ्या मनात दरवर्षी घर करून राहतो तो त्यांचा पराभव. १६८३ चा.

त्या वर्षी नोव्हेंबरात विजरई कोंद द आल्व्होर मराठ्यांच्या फोंड्याच्या किल्ल्यावर चालून गेला. तोफांनी तट फोडला. आत येसाजी कंक आणि त्यांचा मुलगा कृष्णाजी होते. दोघे लढले, कृष्णाजी जखमांनी गेला, पण किल्ला पडला नाही. संभाजी महाराज मदतीला आल्यावर विजरईने वेढा उठवला आणि दुर्भाटच्या वाटेने पळ काढला. मग २४ नोव्हेंबरच्या रात्री ओहोटी साधून मराठ्यांची छोटी टोळी जुव्यावर, म्हणजे सांत इस्तेव बेटावर उतरली आणि टेकडीवरचा कोट घेतला. दुसऱ्या दिवशी विजरई स्वतः तो परत घ्यायला गेला, मार खाल्ला, जखमी झाला आणि चिखलपाण्यातून कसाबसा परतला. खंडो बल्लाळांनी भरतीच्या पाण्यात महाराजांचा घोडा सावरला ती कथा याच प्रसंगाची.

जुव्यावरून राजधानी होडीच्या टप्प्यात होती. विजरईने काय केलं? बॉ जेझूच्या चर्चमध्ये जाऊन संत फ्रान्सिस झेवियरची शवपेटी उघडवली आणि आपला राजदंड त्याच्या पायाशी ठेवला. शस्त्राचा भरवसा संपल्यावर माणूस असं करतो. डिसेंबरात मराठे उत्तरेला बार्देशात आणि दक्षिणेला सासष्टीत शिरले. शापोरा आणि थिवीचे कोट पडले, मडगाव लुटलं गेलं.

आणि मग? औरंगजेबाचा मुलगा शहाआलम मोठी फौज घेऊन रामघाटाने खाली आला. महाराजांना गोवा सोडून रायगडाकडे जावं लागलं. सगळं जिंकून झालं होतं, फक्त शहर घ्यायचं राहिलं होतं.

म्हणून कुंभारजुवेंकर सर, लढाई तुमच्या शेजारच्या जुव्यावर झाली पण निकाल रामघाटात लागला. एक लढाई पुरत नाही.

कुंभारजुवेंकर

शुभदाताई, तुम्ही जुवें काढलंत, मी त्याच पाण्याकाठी वाढलो. लहानपणी खाजनाच्या, म्हणजे खाऱ्या पाण्याकाठच्या शेताच्या, बांधावर उभं राहिलं की तो डोंगर समोर दिसायचा आणि वडील दाखवायचे, "तिथे." त्यामुळे यावर मला थंडपणे बोलता येत नाही, हे आधीच सांगतो.

पण तुमचं उदाहरण माझ्या विरुद्ध कसं? जुव्यानंतर विजरईला ओल्ड गोवा राखता येईल याची खात्री उरली नाही. राजधानी मुरगावला हलवायच्या कामाला त्यानेच हात घातला. एका रात्रीच्या लढाईने एवढं केलं. शहाआलम तिसराच. तो आला नसता तर?

अंत्रुजकर

"आला नसता तर" यानेच माझं म्हणणं सिद्ध होतं. युद्धात तिसरा येतोच. मराठ्यांचं मोगलांशी युद्ध चालू होतंच, शहाआलम काही आभाळातून पडला नाही. आणि पुढचंही सांगा. त्याची फौज डिचोलीत आली, तिने तिथे नासधूस केली, पण अन्नपाण्याविना आणि रोगराईने ती इतकी खंगली की घाट चढून परत जाताना माणसं आणि जनावरं वाटेत पडली. म्हणजे ज्याने एका मोठ्या विजयावर पाणी पाडलं, त्याने एकही मोठी लढाई केली नाही. नुसता आला आणि उपाशी परत गेला. लढाईच सगळं ठरवते म्हणणाऱ्यांनी याचा विचार करावा.

दर्यावर्दी_वास्को

नौदलात नोकरी केली, आता वास्कोत निवांत आहे. माझ्या मते वाद शब्दाचा आहे. "निर्णायक" कशाला म्हणायचं?

आम्हाला शिकवलेलं असं, की लढाईत किती बुडालं ते मोजू नका, जे बुडालं ते परत किती दिवसांत उभं राहतं ते मोजा. जून १९४२ मध्ये मिडवेला जपानच्या चार विमानवाहू नौका बुडाल्या: आकागी, कागा, सोर्यु आणि हिर्यु. अमेरिकेने तिथे यॉर्कटाउन गमावली. पण अमेरिकेच्या गोद्यांत नवीन नौकांची रांग लागली होती, जपानकडे ती नव्हती. नौका आणि त्यांच्यासोबत गेलेले मुरलेले लोक परत आणायला जपानला वेळ मिळाला नाही. युद्ध पुढे तीन वर्षं चाललं, तरी पुढाकार जपानच्या हातून तिथेच गेला.

याच्या उलट कॅनी. इ. स. पू. २१६ मध्ये कार्थेजच्या हॅनिबलने रोमची सबंध फौज कापून काढली. त्याहून मोठा विजय सापडणं कठीण. रोमने नवीन फौजा उभ्या केल्या आणि चौदा वर्षांनी, २०२ मध्ये, झामाला हॅनिबलच हरला. लढाई मोठी असून निर्णायक नाही.

म्हणून दीवबद्दल मी कुंभारजुवेंकरांच्या बाजूने. उंटांवरून लाकूड वाहणाऱ्याला बुडालेलं आरमार पटकन उभं करता येत नाही.

अकरावी_पर्वरी

सगळ्यांना नमस्कार. माझा प्रश्न अभ्यासाचा आहे. आम्हाला २३ जानेवारी १५६५ ची राक्षसतागडीची लढाई आहे. रामराया मारला गेला आणि विजयनगर संपलं, असं मी उत्तरात लिहितो. अंत्रुजकर काकांच्या हिशेबाने हे चुकीचं आहे का?

अंत्रुजकर

चुकीचं नाही, पुत्रा, अर्धं आहे. हंपी शहर संपलं, त्यानंतर ते पुन्हा वसलं नाही. पण राज्य पेनुकोंड्याला गेलं, तिथून चंद्रगिरीला, आणि अरविडू घराणं पुढे ऐंशीएक वर्षं टिकलं. जिंकणाऱ्यांकडेही बघ. ही सुलतानांची एकजूट होती. तीच उमेद घेऊन १५७० मध्ये अली आदिलशहाने गोव्याला वेढा घातला आणि निजामशहाने चौलला. एवढं विजयनगर ज्यांनी लोळवलं त्यांना ही दोन ठाणी घेता आली नाहीत. लुईश द आताईद विजरई होता, त्याने १५७१ पर्यंत शहर राखलं. सामुद्रीने तेवढा कालिकतजवळचा चाल्यमचा किल्ला फिरंग्यांकडून घेतला.

एक गोष्ट मात्र नक्की लिही, ती पुस्तकात नसली तरी. राक्षसतागडीचा फटका गोव्यालाही बसला. अरबी घोडे गोव्यात उतरायचे आणि विजयनगरला जायचे, १५४७ मध्ये त्यावर तहही झाला होता. गिऱ्हाईकच मेलं तेव्हा तो धंदा आणि त्यावरची जकात बुडाली. हरलेला एक, आणि पोट रिकामं झालं भलत्याचंच.

पेडणेंकर

पानिपत कुणीच काढलं नाही याचं आश्चर्य वाटतं. मराठी माणसाला निर्णायक लढाई म्हटलं की पहिलं तेच आठवतं. १४ जानेवारी १७६१. विश्वासराव गेले, सदाशिवरावभाऊ गेले, घरटी एक माणूस गेलं म्हणतात. जूनमध्ये नानासाहेब गेले. संपायला हवं होतं ना सगळं? दोनच वर्षांत राक्षसभुवनला माधवरावांनी निजामाला लोळवलं. १७७१ मध्ये महादजी दिल्लीत होते आणि बादशहाला तख्तावर बसवायला मराठेच घेऊन आले. जी लढाई दहा वर्षांत भरून निघते तिला निर्णायक कसं म्हणायचं?

माझं मत अंत्रुजकरांना.

कुंभारजुवेंकर

पेडणेंकर भाई, दिल्लीकडे बघू नका, खाली कर्नाटकाकडे बघा. पानिपतानंतर पुण्याचं लक्ष आणि माणूसबळ घरात गुंतलं असतानाच हैदरअली वाढला. १७६३ मध्ये त्याने बिदनूर घेतलं आणि मग सोंद्याच्या छोट्या राज्यावर चालून आला. सोंद्याचा राजा पळून गोव्यात फिरंग्यांच्या आश्रयाला आला आणि फोंडा, सांगे, केपें, काणकोण हा मुलूख त्यांच्या हाती गेला. माधवरावांना हैदरावर पुन्हा पुन्हा स्वाऱ्या कराव्या लागल्या, आणि ते नोव्हेंबर १७७२ मध्ये सत्ताविसाव्या वर्षी गेले.

ज्या फोंड्यासाठी कृष्णाजी कंक मेला, तो फोंडा १७६३ मध्ये फिरंग्यांच्या हाती गेला. पानिपताचा धक्का अंत्रुजपर्यंत, म्हणजे फोंड्याच्या मुलखापर्यंत, पोचला होता. तुम्ही म्हणता दहा वर्षांत भरून निघालं. दिल्लीत निघालं असेल. फोंड्यात १९६१ पर्यंत निघालं नाही.

अंत्रुजकर

हे वाचून अंगावर काटा आला, खोटं बोलणार नाही. आमचं घर कवळ्याचं. शांतादुर्गा, मंगेश, म्हाळसा ही सगळी दैवतं सोळाव्या शतकात सासष्टीतून आणि आसपासच्या मुलखातून नदी ओलांडून आमच्याकडे आली, कारण हा मुलूख फिरंग्यांचा नव्हता. १७६३ मध्ये तो त्यांचा झाला तेव्हा देवळांना हात लावणार नाही हे त्यांना कबूल करावं लागलं, म्हणून ती आज आहेत.

तरी मत बदलत नाही. हैदर पानिपतामुळे जन्मला नाही. म्हैसूरच्या दरबारात तो आधीच वर चढत होता, आणि बिदनूरमध्ये वारसाचं भांडण होतं. सोंदं दुबळं होतं. पानिपतावर मराठे जिंकले असते तरी १७६३ मध्ये पेशव्याची फौज सोंद्याला वेळेवर पोचली असती याची हमी कोण देणार? तुम्ही कारणांच्या जुडीतली एक काडी उचलता आणि तिलाच जुडी म्हणता.

सत्तरीची_नात

मी सहसा लिहीत नाही. माझे आजोबा १५ ऑगस्ट १९५५ च्या सत्याग्रहात होते. नि:शस्त्र माणसांवर गोळ्या झाडल्या गेल्या त्या दिवशी. आजोबांच्या पायात शेवटपर्यंत एक छर्रा होता आणि पावसाळ्यात तो दुखायचा.

दर डिसेंबरला छत्तीस तासांत गोवा मुक्त झाला असं म्हणतात. मला ते ऐकवत नाही. सैनिकांचं मोल मी कमी करत नाही. आंजदीव बेटावर आपल्या नौदलाचे सात जण गेले, त्यांना माझा नमस्कार. पण १८ डिसेंबर १९६१ ला फौज आत शिरली तेव्हा समोरच्याच्या पायाखालची जमीन कितीतरी वर्षं उकरली गेली होती. सत्तरीचे राणे फिरंग्यांविरुद्ध १८५२ मध्ये उठले, १८९५ मध्ये उठले. १९५४ मध्ये दादरा नगर हवेली गेली. मग सत्याग्रह, मग सीमा बंद. १९६१ मध्ये अंगोलात बंड पेटलं आणि लिस्बनची फौज तिकडे गुंतली. सालाझारने गोव्याला हुकूम पाठवला की शेवटच्या माणसापर्यंत लढा. गव्हर्नर वासालु इ सिल्व्हाने तो मानला नाही आणि १९ तारखेला शरणागती दिली. त्याबद्दल त्याला मायदेशी सैन्यातून काढून टाकलं. त्याने शहराची राख केली नाही, हे मी त्याच्या नावावर लिहिते.

आणि लिस्बनने गोवा भारताचा हे मान्य केलं १९७४ च्या शेवटी, तिथे एप्रिलमध्ये सत्ता उलथल्यावर. छत्तीस तासांच्या लढाईला तेरा वर्षांची शेपटी आणि शंभराहून अधिक वर्षांचं डोकं आहे. यातली एक लढाई वेगळी काढून दाखवा मला.

दर्यावर्दी_वास्को

बाय, आजोबांना सलाम. १९६१ बद्दल तुमचं खरं आहे. त्या दिवशी फिरंग्यांची समुद्रातली मुख्य ताकद म्हणजे एक जुनं जहाज, १९३५ चं. त्याचं नाव आफोन्सु द आल्बुकेर्क. आपल्या जहाजांच्या तोफांपुढे ते टिकलं नाही आणि किनाऱ्याला लागलं. आल्बुकेर्क आला तोही समुद्रातून आणि गेला तोही समुद्रातच. पण त्या दिवसाच्या झुंजीला मी निर्णायक म्हणणार नाही. निर्णय आधीच झाला होता.

अंत्रुजकर

दर्यावर्दी, तुमचं लाकडाचं माप मी विसरलेलो नाही. दीवनंतर आरमार परत उभं राहिलंच नाही, असं तुम्ही आणि कुंभारजुवेंकर दोघे मानता. मग १५३८ चं काय? सुलेमान पाशा उस्मानी तुर्कांचं मोठं आरमार घेऊन त्याच सुएझहून निघाला आणि त्याच दीवला वेढा घालून बसला. लाकूड आलं की! उंट होते, वाळवंट होतं, तरी आलं. १५४६ मध्ये दीवला पुन्हा वेढा पडला. संपलेलं युद्ध असं दोनदा उठून बसतं का? दीवचा किल्ला वाचला तो आतल्या शिबंदीच्या चिवटपणामुळे. १५०९ मुळे नव्हे.

कुंभारजुवेंकर

या एका मुद्द्यावर दोन दिवस अडलो होतो. तुम्ही बरोबर पकडलंत. आरमार परत उभं राहत नाही असं मी धरून चाललो होतो, ते चुकीचं, मागे घेतो. गोवा दीवमुळे पडला हेही मागे घेतो. मांडवीच्या तोंडाशी पावसाळाभर अडकलेला आल्बुकेर्क मी सोयीने विसरलो होतो.

पण तारखा एकाखाली एक मांडून बघा. १५०९ नंतर तुर्क आले १५३८ मध्ये. मध्ये एकोणतीस वर्षं सुएझकडून दीवला मोठं आरमार आलं नाही. त्या एकोणतीस वर्षांत फिरंग्यांनी गोवा, मलाक्का, होर्मुझ घेऊन कोट बांधले, दीवचाही बांधला, कार्ताजचा अंमल बसवला, इथे बायकामुलं वसवली. सुलेमान पाशा पोचला तेव्हा समोर नुसतं आरमार नव्हतं, एक बसलेलं राज्य होतं. दीवच्या विजयाने त्यांना मिळाली ती उसंत. माझ्या मते निर्णायक लढाई ती, जिच्यानंतर जिंकणाऱ्याला एवढी उसंत मिळते आणि तो ती वाया घालवत नाही. माधवरावांनी पानिपतानंतर जी उसंत ओढून आणली तीही याच मापाने मोजा. तिजोरीवाल्या वक्त्यांना मी हेच सांगेन.

शुभदाताई, तुमच्या जुव्याचं उत्तर मला आता सापडलं, आणि ते सापडलं नसतं तर बरं झालं असतं. कोट हातात आला २४ नोव्हेंबरच्या रात्री. जानेवारी उजाडताच शहाआलम घाट उतरत होता. राजांना मिळाले जेमतेम सहा आठवडे.